वंशावळीतले गोल

(हिंगोली येथे बचत गटातल्या मैत्रिणी आणि आशाताईंसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एका डॉक्टरांच्या शोधनिबंधांबद्दल बोलणार आहे. बायकांच्या बैठकीत हे कशाला, असं वाटेल. पण पायगुण आणि भानामती या दोन शब्दांनी आपल्या मराठवाड्यात किती जणींचे हाल केले, हे तुम्हाला मी सांगायला नको. या निबंधांचा त्याच्याशी संबंध आहे.

डॉ. नोशिर वाडिया हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले मेंदूविकारतज्ज्ञ. २०१६ साली ते वारले. मानेच्या मणक्यांतल्या जन्मजात दोषामुळे मज्जारज्जू कसा दबतो, यावर त्यांनी १९६७ मध्ये २८ रुग्णांचा अभ्यास छापला. १९७१ ची डोळे येण्याची साथ जुन्या बायांना आठवत असेल. त्या साथीनंतर काहींचे पाय पोलिओसारखे लुळे पडले, हे त्यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. यादी मोठी आहे. मी एकाच निबंधापाशी थांबते.

१९७१ सालीच वाडिया आणि आर. के. स्वामी यांचा निबंध ‘ब्रेन’ या इंग्लंडमधल्या नियतकालिकात आला. त्यात नऊ घराणी होती. त्यांतल्या रुग्णांचा चालताना तोल जाई, जीभ जड होई, हात थरथरत. असे आजार आधी माहीत होते. वाडियांनी वेगळी गोष्ट पाहिली, ती डोळ्यांची. आपण एका वस्तूवरून दुसरीकडे पाहतो तेव्हा बुबुळ झटकन उडी मारतं. या रुग्णांचं बुबुळ सावकाश सरकत जातं. हे समोर बसून नीट पाहणं होतं. लहान मेंदूतल्या आणि त्याच्याशी जोडलेल्या पेशी हळूहळू मरत जातात, त्याची ही खूण.

आता आपल्या कामाचा भाग. आपल्याकडे वंशावळ काढतात तेव्हा बाप, मुलगा, नातू एवढंच लिहितात. लेकी त्यात नसतात, सुना तर नाहीतच. डॉक्टर वंशावळ काढतो तेव्हा पुरुषासाठी चौकोन आणि बाईसाठी गोल काढतो, आजारी असेल त्याचं चिन्ह काळं करतो. तिथे लेकीला वगळून चालतच नाही, कारण मग हिशेब चुकतो. या आजारात आई किंवा बाप आजारी असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो वा मुलगी. बाहेरून आलेली सून हा आजार आणत नाही, नवऱ्याला तर देऊच शकत नाही. तो त्याच्या आईकडून किंवा बापाकडून आलेला असतो. लग्नानंतर काही वर्षांनी नवरा अडखळू लागतो आणि बोट मात्र हिच्या पायगुणाकडे जातं!

आणखी एक. आजी साठीत अडखळली, मुलगा चाळिशीत, नातू पंचविशीत. गाव म्हणतं, शाप तीव्र होत चालला. १९९६ मध्ये या आजाराचं जनुक सापडलं तेव्हा कारण कळलं. जनुकातली तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत ती बावीस वेळा असतात, आजारात साधारण तेहेतीसच्या वर. पिढी बदलताना हा आकडा वाढू शकतो आणि मग आजार लवकर सुरू होतो. १९९८ मध्ये वाडियांनी सहकाऱ्यांसह सहा भारतीय घराण्यांवर पुन्हा लिहिलं आणि दाखवलं, की तो सावकाश डोळ्यांचा आजार हाच. क्यूबाच्या ओल्गीन प्रांतात तो फार आढळतो. तिथेही शाप नाही, तीच तीन अक्षरं आहेत.

बरं करणारं औषध आजही नाही. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांची शुश्रूषा राहते, आणि ती कोण करतं हे विचारायची गरज नाही. निबंधात आजाऱ्याचं चिन्ह काळं असतं. त्याला घास भरवणाऱ्या बाईसाठी तिथे खूण नाही. वाडियांचा हा दोष नव्हे, पण आपण ती खूण करायला हवी.

लग्न ठरवताना ‘आधी मुलीची रक्ततपासणी करा’ अशी मागणी आली तर माझं मत स्पष्ट आहे. आजाराची लक्षणं नसलेल्या अल्पवयीन मुलीची अशी तपासणी करू नये. सज्ञान झाल्यावर ती स्वतः ठरवील, आणि निकाल आधी तिला कळेल. मुलाच्या घरातला आजार मात्र लपवतात, तेव्हा कोणी तपासणी मागत नाही.

तुमच्या गावात असं घर असेल तर देवऋषाकडे जाण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या. भानामतीच्या नावाखाली कोणी बाईला छळलं तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मेंदू-मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजार धरले आहेत, त्यामुळे जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज करा. चाळीस टक्के अपंगत्व निघालं आणि उत्पन्नाची अट बसली तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये द्या. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, आणि जाताना एकट्या जाऊ नका, दोघीतिघी जा.