संवेदक-जाळ्यांतील ऊर्जाव्यय आणि मार्गनिवड : स्वागताध्यक्षीय भाषण



ही परिषद बिनतारी संवेदक-जाळ्यांतील ऊर्जाबचतीला वाहिलेली आहे. तापमान, आर्द्रता यांसारख्या राशी मोजून आपली नोंद रेडिओ लहरींनी, बहुधा एकमेकांकरवी, मध्यवर्ती केंद्राकडे पोचवणारी बॅटरीवरची लहान यंत्रे, म्हणजेच नोड, मिळून असे जाळे बनते. अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्याजवळील ग्रेट डक बेटावर २००२ साली समुद्रपक्ष्यांच्या बिळांत असे नोड बसवण्यात आले, कारण विणीच्या काळात माणसाची ये-जा त्या पक्ष्यांना सोसत नाही. आणि जेथे माणसाने जाऊ नये म्हणून यंत्र ठेवायचे, तेथे बॅटरी बदलायला माणूस धाडावा लागला तर मूळ हेतूच फसतो.

बॅटरीतील ऊर्जा मुख्यतः रेडिओवर खर्च होते. हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी २००० साली ‘लीच’ ही नोडचे गट पाडणारी मार्गनिवडीची पद्धत मांडताना वापरलेल्या ढोबळ प्रतिमानात रेडिओचे मंडल चालवायला दर बिटमागे ५० नॅनोज्यूल लागतात आणि लहरींना बळ देणाऱ्या प्रवर्धकाचा खर्च अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे १०० मीटरवर थेट धाडलेल्या बिटला १०५० नॅनोज्यूल पडतात, तर मध्यावरच्या एका नोडमार्फत, त्याचा ऐकण्याचा खर्च धरूनही, ६५० मध्ये भागते. अंतर २० मीटरच असेल तर मात्र थेट ९० आणि टप्प्याने १७० असा हिशेब उलटतो. तेव्हा टप्पे वाढवले की बचत होतेच, हा अजून अनेक निबंधांत डोकावणारा समज टिकत नाही.

शिवाय एका संदेशामागे वाचलेली ऊर्जा जाळ्याचे आयुष्य वाढवतेच असे नाही. टप्प्याटप्प्याच्या जाळ्यात केंद्रालगतचे नोड सर्वांचे ओझे वाहून आधी संपतात आणि मागचे, बॅटरी शिल्लक असतानाही, तुटून पडतात. ‘लीच’मध्ये हे ओझे गटातील नोंदी एकवटून केंद्राला कळवणाऱ्या समूहप्रमुखावर येते, म्हणून ते पद फेरीफेरीने, गावकीच्या पाळीसारखे, फिरवले जाते, परंतु प्रत्येक नोडचा आवाज थेट केंद्रापर्यंत पोचतो हे तिचे गृहीतक विस्तीर्ण रानात लटके ठरते.

सर्वांत उपेक्षित राहिला आहे तो नुसते कान देऊन बसण्याचा खर्च. सीसी२४२० या एकेकाळी बहुवापरात असलेल्या रेडिओ-चिपला पूर्ण शक्तीने पाठवताना सुमारे १७.४ आणि ऐकताना १८.८ मिलिअँपिअर विद्युतप्रवाह लागतो, म्हणजे कोणी काही बोलत नसतानाही जागा असलेला रेडिओ बोलणाऱ्याइतकाच खातो, आणि त्यामुळे कोणत्या नोडने केव्हा झोपावे हे न ठरवता आखलेला मार्ग कागदावरच काटकसरी राहतो. येथे निबंध वाचणाऱ्या अभ्यासकांनी आपल्या आकडेवारीत हा ऐकण्याचा खर्च वेगळा दाखवावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे. यजमानांनी पाहुण्यांकडे हिशेब मागणे रीतीला धरून नसले, तरी या विषयात ते क्षम्य मानले जावे.