लाल रंग काळा होतो

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बी.ए. करता करता मी आमच्या गावातल्या एका फोटो स्टुडिओत हाताखाली होतो. घरोघरी रंगीत रोल आले होते, पण वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीच्या चौकटीला कृष्णधवल फोटोच लागायचा. लोक लग्नातली रंगीत निगेटिव्ह घेऊन यायचे आणि म्हणायचे, ‘‘यातून एक साधा काढून द्या.’’

साधा! रंगीत निगेटिव्ह उजेडात धरा, ती सगळी नारिंगी दिसते. फिल्ममधल्या रंगांत थोडी भेसळ असतेच. तिचा हिशेब चुकता करण्यासाठी हा नारिंगी थर मुद्दाम दिलेला असतो आणि रंगीत कागदाला तो चालतो. कृष्णधवल कागदाला मात्र निळा आणि फार तर हिरवा प्रकाश कळतो. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता येतं. नारिंगीतून गाळून आलेला उजेड म्हणजे त्या लाल दिव्याचाच चुलतभाऊ. पंधरा सेकंदांचं काम मिनिटावर जायचं आणि डेव्हलपरच्या ट्रेमधून वर यायचं ते मचूळ, राखाडी काहीतरी. त्यावर उपाय म्हणजे चार नंबरचा हार्ड पेपर.

पण रंगांचं काय? निळीचा हात दिलेली भिंत पांढरीफटक यायची. लाल, पिवळं सगळं काळपट. कुंकू काळं, ओठ काळे, हळदीचं अंगही काळं. माणसाच्या कातडीत तांबूस-पिवळाच अंश जास्त, त्यामुळे सुरकुत्या आणि डाग दुपटीनं उठायचे.

यासाठी कोडॅकचा पॅनाल्युअर नावाचा खास कागद होता. त्याला सगळे रंग दिसत, म्हणूनच नेहमीचा लाल दिवा त्याला चालत नसे. जवळजवळ मिट्ट काळोखात, चाचपडत काम. २००५ मध्ये कोडॅकनं कृष्णधवल कागद बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि तोही गेला. आज स्कॅन करून कुठला रंग किती उजळ घ्यायचा ते संगणकावर बसल्या जागी ठरवता येतं. ते सोयीचं आहे, मी नाक मुरडणार नाही.

आमची अम्मी २००९ साली गेली. तिचा धड असा एकच फोटो, १९८८ सालचा, आपाच्या लग्नातला. खिडकीसमोर टांगून टांगून तो विटून गुलाबी झालेला. निगेटिव्ह मात्र बिस्किटांच्या डब्यात, अंधारात, शाबूत. रंग उडतात, नीट हायपो केलेली, नीट धुतलेली चांदीची प्रिंट माणसापेक्षा जास्त जगते. म्हणून ती चांदीवर उतरवायची ठरवली. एका मित्राकडे एन्लार्जर होता.

पहिली प्रिंट पाहून आपा म्हणाली, ‘‘ही अम्मी नव्हे रे, हिची कुणी थोरली बहीण.’’ खरंच, गालांवरचा वांग शाईसारखा उठला होता. आपाचा लाल शरारा काळाभोर झाला होता, हातावरची मेंदी मात्र रंगीत फोटोत कधी नव्हती इतकी ठसठशीत.

मग तारेला पुठ्ठ्याची चकती लावली आणि एक्स्पोजरच्या वेळी चेहऱ्यावर हलती सावली धरली. चेहरा उजळला. वांग फिका झाला, पण राहिला. आपाला तो नकोच होता. ‘‘मेल्यावर तरी तिला गोरी होऊ दे की,’’ ती म्हणाली. मला तो हवा होता. चुलीपुढच्या, उन्हातल्या वर्षांचा तो वांग. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचो. आमचं चांगलंच वाजलं. मित्र मधे पडला. त्यानं दुसऱ्या प्रिंटवर बारीक ब्रशनं ब्लीच फिरवून एकेक डाग उतरवला. दोन तास लागले त्याला.

ती प्रिंट आपानं नेली. माझी आमच्या बोळकंडीत आहे. नमाजाच्या खोलीत फोटो नको, हे अम्मीचंच सांगणं होतं.