टाळू, तेल आणि जलसंजीवनी



जून आला की आपल्यापैकी बरेचजण मुलाबाळांना घेऊन भारतात जातात. तिकडे पावसाळा सुरू झालेला असतो आणि दुसऱ्या आठवड्यात मला हमखास फोन येतो. "डॉक्टर, बाळाला जुलाब होताहेत. आजी म्हणतात टाळू खोल गेलीय, तेल भरू का?"

आजींचं निरीक्षण बरोबर असतं, हे आधी सांगून टाकतो. साधारण दीड वर्षापर्यंत टाळूची हाडं जुळलेली नसतात. अंगातलं पाणी कमी झालं की ती जागा खोलगट दिसते. आमच्या पाठ्यपुस्तकातही हेच लक्षण आहे. चुकतो तो उपाय. तेल घालायचं तर घाला, पण वाटी-चमचा खाली ठेवू नका. "पोटाला विश्रांती द्या" म्हणून दूध-पाणी तोडणं हे तर तेलापेक्षा वाईट, आणि ते आपण शिकलेली माणसंही करतो.

मोठ्या मुलांत टाळू पाहता येत नाही. तिथे कोरडं तोंड, खोल गेलेले डोळे, रडताना न येणारे अश्रू, सहा-आठ तास लघवी नाही, हे बघा. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा. ती सावकाश परत गेली तर पाणी बरंच कमी झालंय. मूल किरकिरं पण तहानलेलं असेल तर पाजायला लागा. मलूल पडलं असेल, पीतच नसेल किंवा शौचात रक्त असेल तर मला फोन करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

आता पाजायचं काय? १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. गंमत म्हणजे लोकांना ही फसवणूक वाटे, खरी सलाईन ती सुईचीच! म्हणून त्याला "तोंडाने घ्यायची सलाईन" म्हणावं लागलं. ती श्रद्धा अजून गेलेली नाही, इथे अमेरिकेतही नाही. सौम्य जुलाबातही "एक बाटली लावून टाका ना" म्हणणारे आईबाप मी रोज बघतो.

यामागचं शास्त्र साधं आहे. जुलाबातही आतडं ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतं, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. म्हणून प्रमाणाला महत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. साखर त्याहून फार झाली की उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. कोला, डब्यातला ज्यूस म्हणूनच नको. भारतात तर गोड पेयं "ओआरएस" नावाने विकली जात होती; अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला मनाई केली. एका बालरोगतज्ज्ञ बाई त्यासाठी अनेक वर्षं भांडत होत्या. अशा भांडखोर बाया आपल्याला हव्यात.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा सुरू करायचं. अंगावरचं दूध चालूच. सहा महिन्यांखालच्या बाळाला नुसतं पाणी मात्र नको. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट भरून.

पुडी लिटरची आहे की २०० मिलिलिटरची, ते वाचूनच पाणी मोजा. लिटरची पुडी अंदाजाने एका पेल्यात कालवलेली मी पाहिली आहे. आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.