घरचा कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा का बंद पडत होता?

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी ‘काहीतरी उपयोगाचे बोला’ अशी आज्ञा केली. मी काही वक्ता नाही आणि कॉम्प्युटरचा इंजिनिअर तर मुळीच नाही. भट्टी, मूस आणि ॲसिड यांत आयुष्य गेलेला माणूस. पण घरच्या कॉम्प्युटरने मला चार महिने छळले आणि शेवटी एक गोष्ट शिकवली. ती आपल्यापैकी बऱ्याच घरांच्या कामाची आहे, म्हणून तीच सांगतो.

आमचे घर तुमच्यापैकी अनेकांसारखेच. खाली दुकान, मागे भट्टी, वर राहायची जागा. वरच्या खोलीत खिडकीला लागून कॉम्प्युटर. त्यात दुकानाचा हिशोब, नातीचा अभ्यास, मंडळाच्या वर्गणीची यादी आणि सर्वांत मोलाचा म्हणजे आमच्या अण्णांचा आवाज. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या मुलाने रोज संध्याकाळी अण्णांना बोलते केले होते. खानापूर तालुक्यातला दुष्काळ, घर सोडताना आजीने बांधून दिलेल्या भाकरी, कुंभकोणमला उतरल्यावर तमिळचे एक अक्षर येत नसताना काढलेले दिवस, असे अकरा तासांचे रेकॉर्डिंग. २०२१ मध्ये अण्णा गेले.

ऑक्टोबर २०२२ पासून कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला. काम चालू असताना पडदा निळा व्हायचा, इंग्रजीत दोन ओळी यायच्या, त्या वाचेपर्यंत कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. दुरुस्तीवाल्या तंबीला बोलावले. तो म्हणाला, “सार, विंडोज बिघडलंय. फॉरमॅट मारतो.” मी म्हणालो, “मार.” तो गेल्यावर सूनबाईने विचारले, “मामा, अण्णांचं रेकॉर्डिंग कुठं होतं?” माझ्या पोटात गोळा आला. नशीब एवढेच, की त्याने फक्त सी ड्राइव्ह पुसला होता आणि रेकॉर्डिंग डी मध्ये होते. त्याच रात्री दोन प्रती केल्या. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर घरात ठेवली, दुसरी गावाकडे भावाकडे पाठवली. तेव्हा पहिला धडा हा, की कॉम्प्युटर बिघडला तर दुरुस्तीच्या आधी आतला ऐवज बाहेर काढा. यंत्र बाजारात मिळते, आवाज मिळत नाही.

फॉरमॅट करूनही दुखणे गेले नाही. मग तंबीने रॅमची पट्टी काढली, तिचे टोक खोडरबराने घासले आणि परत बसवली. बारा दिवस कॉम्प्युटर उत्तम चालला, तेराव्या दिवशी निळा पडदा. पुन्हा खोडरबर, नऊ दिवस ठीक. मग वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस बदलला. तरी तेच.

शेवटी सूनबाई म्हणाली, “मामा, सोनं आलं की कस लावल्याशिवाय तुम्ही भाव सांगता का? मग याला कस न लावताच औषध का देताय?” मला उत्तर सुचले नाही. तिने एक वही घातली. आपल्या गावात सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर रामानुजन यांचे घर आहे. कागद परवडत नसल्याने ते पाटीवर गणित करीत, पुशीत आणि वहीत फक्त उत्तर उतरवीत. त्यांना ते शोभले. आपण मात्र प्रत्येक पायरी लिहावी.

तिने केले ते असे. आधी विंडोजच्या सेटिंगमधले ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ बंद केले, म्हणजे निळा पडदा टिकून राहतो आणि त्यावरचा मजकूर उतरवता येतो. मग दर वेळी तारीख, वेळ, काय काम चालू होते आणि पडद्यावर काय लिहिले होते, एवढे वहीत. दर वेळी तोच मजकूर आणि त्याच फाइलचे नाव येत असेल तर बहुधा एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर दोषी असतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर असेच निळे पडले, विमाने खोळंबली. तिथे सगळ्यांचे कारण एकच होते आणि ती फाइल काढली की कॉम्प्युटर सुरू होत होते. आमच्याकडे मात्र दर वेळी मजकूर वेगळा. असे झाले की रॅम, वीज किंवा उष्णता यांच्यावर संशय घ्यावा.

एसएमपीएस नवा होता. उष्णता पाहिली, ठीक होती. मग रात्रभर मेमरीची चाचणी लावली, चुका निघाल्या. दोन पट्ट्यांपैकी एकच ठेवून पाहिली, मग दुसरी, मग खाच बदलून. एका वेळी एकच बदल, हा तिचा नियम. खोडरबर लावल्यावर कोणतीही पट्टी कोणत्याही खाचेत चाले आणि काही दिवसांनी कोणतीही पट्टी कोणत्याही खाचेत चुके. म्हणजे दोष एका पट्टीचा नव्हता, एका खाचेचाही नव्हता. बाहेरून काहीतरी येत होते.

एका रविवारी तिने आपली वही माझ्या रोजकीर्दीशेजारी ठेवली. ज्या आठवड्यात गाळणीचे काम जास्त, त्यानंतर दोन-चार दिवसांत निळे पडदे जास्त. नोव्हेंबरच्या पावसात तर विचारू नका. मग कॅबिनेट उघडून नीट पाहिले. खिडकीकडच्या बाजूचे स्क्रू गंजलेले, तांब्यावर हिरवट थर.

बंधूंनो, पुढचे तुम्हाला मी काय सांगावे? सोन्यातली चांदी-तांबे काढायला आपण नायट्रिक ॲसिड उकळतो. तांबूस धूर निघतो. तो ओल्या हवेत मिसळला की पुन्हा ॲसिडच होतो. कॅबिनेटचा पंखा दिवसभर खोलीतली हवा आत ओढत असतो. रॅमच्या टोकांना सोन्याचा मुलामा असतो, पण तो साधारण एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. नायट्रिक सोन्याला शिवत नाही हे आपल्याला पोरपणापासून ठाऊक. पण मुलाम्याला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यातून ते खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोहोचते. वर मळ साचतो, वीज नीट जात नाही, कॉम्प्युटर चुकतो. खोडरबराने मळ जातो, पण प्रत्येक घासण्यात थोडे सोनेही जाते. दगडावर कस लावताना सोने झिजते, हे आपणच लोकांना सांगतो ना! आम्ही दुखणे बरे करीत नव्हतो, वाढवीत होतो.

हे कळल्यावर मी अण्णांचे रेकॉर्डिंग पुन्हा ऐकले. दर थोड्या वेळाने ते थांबतात आणि खोकतात. आम्ही त्याला वयाचा खोकला म्हणत होतो. मी डॉक्टर नाही आणि त्यांना काय झाले होते याचा निवाडा आज करणार नाही. पण हा धूर फुप्फुसांना अपाय करतो आणि जास्त गेला तर त्रास काही तासांनंतरही उद्भवतो, हे वैद्यकशास्त्र सांगते. ज्या खोलीतल्या हवेने तांबे हिरवे पडले, त्याच खोलीत माझी नात रोज तीन तास अभ्यासाला बसत होती. तिला निळा पडदा येत नाही, एवढाच फरक.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ॲसिडचे काम घरातून हलवले. नव्या जागेत भट्टीवर धुराडे, त्याला पंखा आणि धूर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून नेण्याची सोय केली. खर्च झाला, खोटे कशाला बोलू? मदरबोर्ड आणि रॅम नवे घेतले, कॉम्प्युटर खिडकीपासून दूर ठेवला. त्यानंतर आजपर्यंत निळा पडदा आलेला नाही.

तेव्हा एवढेच लक्षात ठेवा. आधी प्रत काढा. घडले ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि दुरुस्त केलेले दुखणे परत आले, तर तीच दुरुस्ती पुन्हा करू नका. ते परत कशाने येते ते शोधा. आज घरी गेल्यावर भट्टीच्या वरच्या खोलीतले खिडकीचे गज आणि कॉम्प्युटरचे स्क्रू एकदा पाहा. गंजलेले दिसले, तर तंबीला बोलावण्याआधी घरच्यांना त्या खोलीतून हलवा.

अण्णांच्या आवाजाची एक प्रत मी मंडळाकडे देत आहे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही बोलते करा आणि त्यांच्या आवाजाच्या दोन प्रती ठेवा.