एसी गार होत नाही? गॅस भरायच्या आधी ही केबल बघा

आजचा भाग माझ्या फसलेल्या 1800 रुपयांचा आहे.

मे महिना, सोलापूरचा रस्ता, मागच्या सीटवर आजी. एसी फुल, नॉब निळ्या खुणेवर, आणि तोंडावर गरम वारा! आजीला गरगरायला लागलं. काचा उघडून कसंबसं घर गाठलं. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्यानं न तपासताच सांगितलं, "गॅस संपलाय." गॅस भरला, पैसे दिले. वारा तसाच गरम!

शेवटी शेजारच्या काकांनी बॉनेट उघडायला लावलं. एसी पाच मिनिटं चालवला, इंजिन बंद केलं आणि एसीच्या जाड पाइपला हात लावला. म्हणाले, "अरे, पाइपला घाम फुटलाय, बर्फासारखा गार आहे. गॅस गेला कुठं?"

आता यामागची गंमत ऐका. डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर असतो, हीटर कोर. त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरतं. एसीनं गार केलेली हवा त्यावरून न्यायची की बाजूनं, हे एक फ्लॅप ठरवतो. नॉबवाल्या साध्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा हा फ्लॅप एका केबलनं हलतो, सायकलच्या ब्रेकसारख्या. ती तुटली किंवा क्लिपमधून सुटली, की फ्लॅप 'गरम'वर अडकू शकतो. मग गॅस कितीही भरा!

ओळखायचं कसं? नॉब एकदम सैल फिरतो, नाहीतर खूप घट्ट होतो. ग्लोव्ह बॉक्स काढून किंवा पायापाशी वाकून टॉर्च मारा, नॉब फिरवा. फ्लॅपची दांडी हलत नसेल, तर चोर सापडला. दांडी बोटानं 'गार'कडे ढकलून बघा. वारा गार झाला की खात्रीच.

केबल नुसती सुटली असेल तर क्लिप परत बसवा, खर्च शून्य. तुटली असेल तर जुनी केबल दुकानात घेऊन जा, लांबी आणि टोकं जुळवूनच नवी घ्या. पॅनेल काढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. एअरबॅग असेल तर थोडा वेळ थांबा, आणि पिवळ्या वायरींना हात लावू नका.

बसवताना नॉब पूर्ण गारवर, दांडीही पूर्ण गारवर. आधी तारेचं टोक खिळ्यात अडकवा, मग वरच्या नळीतली ढील काढून क्लिप लावा. केबलला तीव्र वळण नको. डॅशबोर्ड बंद करायच्या आधी नॉब दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. मी आधी बंद केला, मग सगळं पुन्हा उघडलं!

आजी आता गाडीत बसली की आधी विचारते, "दोरी नीट आहे ना रे?"

तर पुढच्या वेळी कुणी "गॅस संपलाय" म्हणालं, तर आधी पाइपला हात लावा. भेटू पुढच्या भागात!