संगणक थांबला तरी सेवा थांबू नये
(वार्षिक सभेतील निवेदनाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आम्ही नवी यंत्रसामग्री, झालेल्या शस्त्रक्रिया आणि निधीचा विनियोग यांचा आढावा सादर करतो. आज प्रत्यक्षात न घडलेल्या एका आपत्तीविषयी निवेदन करावयाचे आहे.

केसपेपर, रक्ततपासणीचे अहवाल, औषधभांडारातील साठा, बिले हे सारे आज संगणकावर आहे. या सोयीबरोबर धोकाही आला. 12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या संगणकीय हल्ल्याची झळ इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील 236 पैकी किमान 80 ट्रस्टना बसली. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द झाल्या. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर नमूद केले की, प्रतिकाराचा आराखडा तयार होता. परंतु स्थानिक पातळीवर त्याची चाचणी झाली नव्हती. त्यामुळे नेतृत्व कोणी करावयाचे, हेच प्रारंभी स्पष्ट नव्हते. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्समध्येही अशाच हल्ल्यानंतर अनेक दिवस कामकाज हाताने चालवावे लागले.

यातून आम्ही एवढाच बोध घेतला की, कपाटातील आराखडा संकटात कामी येत नाही. हाताला सवय असावी लागते. म्हणून यंदा डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा, औषधभांडार, नोंदणी कक्ष आणि सुरक्षारक्षक अशा सर्वांचा सराव घेतला. खऱ्या रुग्णांच्या सेवेत व्यत्यय नको, म्हणून तो सभागृहात, कल्पित रुग्णांचे कागद मांडून झाला. ठरावीक वेळाने निरीक्षक एकेक चिठ्ठी देत: ‘अहवाल दिसत नाहीत’, ‘खंडणीचा संदेश आला आहे’, ‘वार्ताहर दूरध्वनीवर आहेत’.

आमच्या उणिवा तासाभरातच उघड झाल्या. तातडीच्या दूरध्वनी क्रमांकांची यादी संगणकातच होती! अनेक तरुण परिचारिकांनी कागदी औषधतक्ता कधी भरलाच नव्हता. एकाच नावाच्या दोन रुग्णांपैकी एकाचा रक्तगटाचा अहवाल दुसऱ्याच्या खाटेपाशी पोहोचला. सराव होता म्हणून निभावले. प्रत्यक्षात अशी चूक जिवावर बेतली असती. संगणकीय घटनेची माहिती ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला सहा तासांच्या आत कळविण्याचा 2022 चा निर्देश आहे; ती कोणी कळवायची, हेही आमच्याकडे ठरलेले नव्हते.

आता प्रत्येक वॉर्डात कोरे तक्ते, छापील दूरध्वनी यादी आणि कार्बन कागद असलेली पेटी ठेवली आहे. प्रत्येक चिठ्ठीवर रुग्णाचे पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक अनिवार्य केला आहे. निर्णय घेणारा अधिकारी आणि त्याच्या अनुपस्थितीतील पर्यायी अधिकारी निश्चित केले आहेत. संगणक पूर्ववत झाल्यावर हातनोंदी त्यात कोणी उतरवायच्या, हेही ठरविले आहे. त्यानंतर घेतलेल्या दुसऱ्या सरावात अहवालांची अदलाबदल झाली नाही. तरीही कर्मचारी बदलत राहतात. म्हणून हा सराव दर सहा महिन्यांनी घेण्याचा आमचा संकल्प आहे.

रुग्णांच्या आप्तांना विनंती की, जुने अहवाल व औषधचिठ्ठ्या जपून ठेवाव्यात आणि नाव पुन्हा विचारले गेल्यास राग मानू नये. देणगीदारांना एवढेच सांगणे आहे की, अशा कामावर कोनशिला बसविता येत नाही. तथापि आपण दिलेल्या प्रत्येक यंत्रामागे सज्ज माणूस उभा करण्याचे काम याच निधीतून होते. आपला विश्वास हेच आमचे भांडवल आहे.