गिरणाकाठचे स्वागत

गिरणेच्या काठचे भडगाव हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. रेल्वे गावात येत नाही; कजगावला उतरून पुढे रस्त्याने यावे लागते. मराठी कवितेला मात्र ही वाट ठाऊक होती. 1898 मध्ये केशवसुत येथील शाळेत शिक्षक म्हणून आले. त्यांच्या नावाबरोबर जन्मगाव मालगुंड सर्वांना आठवते, खानदेशातली मास्तरकी फारशी कोणी काढत नाही. आधुनिक मराठी कवितेचा जनक भडगावच्या पोरांची हजेरी घेत होता, ही गोष्ट गावाने कितीदा सांगितली तरी कमीच. पुढे ते फैजपूरला गेले आणि 1905 मध्ये, चाळिशीही न गाठता, हुबळीला वारले.

भडगावातल्या या परिषदेचा विषय आहे स्मृतिभ्रंश आणि मेंदूची चित्रे. केशवसुतांशी त्याचा धागा बारीक आहे, पण आहे. केशवसुत गेले त्याच्या पुढच्याच वर्षी जर्मनीत आलॉइस आल्झायमर यांनी स्मृती गमावलेल्या एका स्त्रीच्या मेंदूतील बिघाड मांडला. तोही तिच्या मृत्यूनंतर मेंदू तपासून. जिवंत माणसाच्या कवटीतला मेंदू स्पष्ट दिसायला 1971 चे सीटी स्कॅन यावे लागले.

घरोघरी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटतो. तज्ज्ञ तिथे थांबत नाहीत. सीटी किंवा एमआरआय सांगण्यामागे पहिला हेतू, बरे होण्याजोगे काही सुटत तर नाही ना, हा असतो. पडल्यावर कवटीखाली साकळलेले रक्त, मेंदूत साठलेले पाणी, एखादी गाठ यांवर शस्त्रक्रिया करता येते. मग नजर हिप्पोकॅम्पसकडे वळते. नव्या आठवणी नोंदवणारा हा भाग आल्झायमरमध्ये लवकर आक्रसतो. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचून मेंदूचा कोणता भाग मंदावला ते पाहतात. या साखरेतील फ्लोरीन-18 दर 110 मिनिटांनी निम्मे होते. देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये मुंबईत परळला सुरू झाले. तिथून निघालेली मात्रा सहा तासांनी भडगावला पोचली, तरी तिचा जेमतेम दहावा हिस्सा उरेल. म्हणून औषध रुग्णाकडे येत नाही, रुग्णालाच शहर गाठावे लागते. इतके करूनही नुसत्या चित्रावर निदान होत नाही. आल्झायमरशी जोडले जाणारे अमायलॉइड हे प्रथिन धडधाकट म्हाताऱ्यांच्या मेंदूतही सापडते. सासूबाई चुलीवरचे दूध कधीपासून विसरू लागल्या, हे सुनेला विचारावेच लागते.

परिषदेच्या व्यवस्थेत उणिवा आहेत. निवास शाळेच्या वर्गांत आहे, गाद्या भाड्याच्या आहेत. वीज गेल्यास जनरेटर सुरू होईपर्यंत पडद्यावरचा मेंदू दिसणार नाही. स्वागत समिती त्याबद्दल आधीच क्षमा मागते. जिनिंगवाले, केळीचे बागायतदार, किराणा व्यापारी, औषध दुकानदार या सर्वांनी सढळ हाताने देणग्या दिल्या. पावती नको म्हणणाऱ्यांचे आभार अधिक. भरताची वांगी शेतकऱ्यांनी टोपल्यांनी आणून टाकली आणि कळण्याच्या पुऱ्यांचे पीठ पहाटेपासून मळले जात आहे. एखाद्या दात्याचे नाव फलकावर राहून गेले असल्यास तो विसर समितीचा समजावा. नाव आजच लिहिले जाईल. जेवण दुपारी एक वाजता आहे.